कोळंबीबाई

आमच्या बाई शुद्ध शाकाहारी होत्या, आणि नाशिकच्या मासळी बाजारात त्यांच्याइतकं चोखंदळ गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. बर्फातली कोळंबी उचलायची, आडवी धरायची आणि पोटाच्या दुसऱ्या खंडाची झालर पहिल्या खंडावर चढली आहे का ते बघायचं. चढली असेल तर गोड्या पाण्यातली, नसेल तर समुद्रातली. मासेवाली वैतागून म्हणायची, "बाई, घ्यायची हाय का नुसती ओळख काढायचीय?" ओळखच काढायची असे. मग निवडलेली कोळंबी बाईंच्या पिशवीतून थेट फॉर्मॅलिनच्या बरणीत जायची.

कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. माहेर त्यांचं मनमाडचं. दारावरच्या पाटीवर नाव होतं वासंती, पण साऱ्या कॉलेजात त्या कोळंबीबाईच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. मी दिंडोरीकडची, द्राक्षबागेतली. कोळंबी कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. अशांपुढे बाई किनाऱ्यावरच्या तळ्यांत वाढवतात त्या जाती ओळीने मांडायच्या. पट्ट्यांची ती पिनिअस मोनोडॉन, पांढरी ती पिनिअस इंडिकस. हजेरीपटात असतं तसं आधी आडनाव, मग नाव, असं त्या समजावायच्या. कुणी नुसतं 'टायगर' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "ते बाजारात. इथे तिला तिच्या नावानं हाक मारायची."

त्याच सुमारास परदेशातल्या शास्त्रज्ञांनी पिनिअसच्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या केल्या. मोनोडॉन जुन्या घरात राहिली, पांढरी मात्र फेनेरोपिनिअस झाली. अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबू या, असं बाकीच्या प्राध्यापकांचं मत पडलं. बाईंना कुठला दम निघतोय! दिवाळीच्या सुट्टीत एकट्या बसून त्यांनी साऱ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. आडनाव तेवढं बदललं, इंडिकस तसंच ठेवलं. "घर बदललं तरी तिचं स्वतःचं नाव तिच्याबरोबर जातं," त्यांनी वर्गात सांगितलं. "ज्यानं ते पहिल्यांदा ठेवलं, त्याचा उल्लेखही कंसात जपतात." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, कोळंबीचं सासर बरं दिसतंय. आम्ही खूप हसलो. बाईही हसल्या आणि फळा पुसायला वळल्या.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझी सोयरीक जमली. मुलगा चांगला, घर चांगलं, पण साखरपुड्यातच सासूबाईंनी सांगून टाकलं की लग्नानंतर माझं नाव पल्लवी ठेवायचं. घरात थोरल्या सुनेचं नाव सुनंदा, आणि माझंही सुनंदा. मला रडूच फुटलं. आजीने मांडीवर घेऊन कानात सांगितलेलं नाव माझं, ते तांदळाच्या ताटात पुसून टाकायचं? वडील म्हणाले, "नावापायी सोयरीक मोडत्यात का कुठं? समद्या पोरींची बदलत्यात." मी तडक प्रयोगशाळा गाठली. बाईंचा नियम माझ्या बाजूने होता ना!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. थोरल्या जाऊबाईंचंही नाव तेच आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी हातातली बरणी टेबलावर ठेवली. मग सांगितलं की त्यालाही नियम आहे. नव्या घरात त्याच नावाची दुसरी जात आधीपासून असेल, तर ज्या जातीचं नाव नंतर ठेवलेलं, तिला ते सोडावं लागतं. मला त्यांचा रागच आला. आता तरी चार शब्द खोटे बोलायला काय हरकत होती? पण खोटं बोलतील तर त्या बाई कसल्या!

बरणीचं झाकण घट्ट करत त्या म्हणाल्या, "पण तू कोळंबी नाहीस, सुनंदा. तुला तोंड आहे. त्यांच्याकडे नाव मागून बघ. मी मागितलंच नव्हतं."

त्या पुढच्या बरणीकडे वळल्या आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी मी वडिलांबरोबर होणाऱ्या सासरी गेले आणि भरल्या ओसरीवर, मान खाली घालून का होईना, मागितलं. सासूबाईंचं तोंड उतरलं. वडील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, सोयरीक हातची जाते की काय असं मलाही वाटलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "राहू द्या की, आत्याबाई. मला थोरली म्हना, तिला धाकली म्हना. नाव काय झिजतंय व्हय?" सासूबाईंनी चहाचा कप उचलला आणि विषय तिथेच मिटला. थोरल्या जाऊबाईंचे ते उपकार मी अजून विसरलेले नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या प्रयोगशाळेतल्या नाहीत, माझ्या लग्नाच्या मांडवातल्या. आमच्याकडे लग्नात माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारून आशीर्वादाला बोलावतात. माईकवाला बाईंजवळ नाव विचारायला गेलेला मी पाहिला. थोड्या वेळाने त्याने पुकारलं, "मनमाडच्या मालनताई रामभाऊ, आपण स्टेजवर यावं."

कोण मालनताई? आमच्या गोतावळ्यात असं कुणी नव्हतं. वडील इकडेतिकडे बघू लागले. माईकवाल्याने पुन्हा पुकारलं, आणि या वेळी तो हाताने बाईंकडेच दाखवत होता. बाई मात्र पुढच्या रांगेत हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. सगळ्यांसारख्याच त्याही मान वळवून मागे बघत होत्या, कोण उठतंय ते.