साहेबाचा बोजा उचलणारा

वकीलसाहेबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं ते तान्हं बाळ द्यावं तसं. "आठ दिवसांत परत पाहिजे, मॅडम. आता शोधून मिळायचं नाही हे." दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एक गोरा आपल्या मुलखात हिंडून गेला, त्याच्या प्रवासाचं ते इंग्रजी पुस्तक. चामड्याची बांधणी, पिवळी पडलेली पानं, मधेमधे हत्तींची चित्रं. जालन्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, एवढ्यावर त्यांनी विश्वास टाकला. मी ते टॉवेलात गुंडाळलं आणि वडिलांना दाखवायला जाफराबादकडं, गावी निघाले. एसटीत शेजारची बाई विचारती, "भाकरी बांधून घेतली का?"

वडील प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही, पण पुस्तकावर भारी जीव. त्यात वर्षावास चालू होता. पावसाळ्याचे हे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन असतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडलं की तिथंच विचारायचं. वडिलांनी गल्लीत जाहीर करून टाकलं, "विहारातलं झालं की आमच्या घरी वाचन!"

झालं! शेजारच्या काकू पांढरं लुगडं नेसून, हात जोडून पुढं बसल्या. आईनं पाटावर पांढरं कापड टाकलं आणि पुस्तकाशेजारी मेणबत्ती लावली.

"आई, ती मेणबत्ती उचल आधी! पान पेटलं तर वकील मला पेटवंल. आणि हा काही धर्मग्रंथ न्हाई, एका भटक्या साहेबाची बडबड आहे."

"असू दे की," आई म्हणाली, "वाचन ते वाचन."

मी वाचायची आणि मराठीत सांगायची. साहेबाला ऊन सोसत नव्हतं, डास झोपू देत नव्हते, पाव मिळत नव्हता.

"लगीन झाल्तं का त्याचं?" काकू.

"लिहिलं न्हाई."

"झालं असंल. घरी पटत नसंल, म्हणून आला एवढ्या लांब."

मंग नवाबाच्या हत्तींची दोन पानं झाली. आई जांभई देऊन म्हणाली, "निस्ते हत्तीच मोजून राह्यला का हा?" आंबे खाऊन साहेबाचं पोट बिघडलं तेव्हा मात्र सगळे बिलकुल जागे झाले, आणि ओवा द्यावा की ताक यावर खरोखरचं भांडण लागलं.

वडील तेवढे हसायचे नाहीत. रोज वाचन संपलं की एकच विचारायचे, "नवाब झाले, सरदार झाले, देवळं झाली. आपले लोक कुठंयत?"

"आपले कुठून येणार यात, बाबा?"

"होते की तवा. गेल्ते कुठं?"

मी चिडायची. चिडायचं कारण एवढंच की उत्तर मलाही माहीत होतं, आणि ते त्यांना सांगायचं जिवावर येत होतं. बघता बघता आठवडा सरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक परत न्यायचं होतं, आणि पानं थोडीच उरली होती.

शेवटच्या संध्याकाळी ते सापडलं. साहेब लिहितो : गावोगावी वेशीबाहेर राहणारा एक माणूस धरून आणतात, तो बोजा उचलतो आणि पुढच्या गावची वाट दाखवतो. असाच एक जण दिवसभर चालला, आणि गावची शीव आल्याबरोबर बोजा खाली ठेवून झाडाखाली बसला. साहेब ओरडला, काठी उगारली. हा हसत बसला, पण पुढं पाऊल टाकीना.

वडील ताठ झाले. "शिवेपर्यंतची वेठ! तिथून पुढं दुसऱ्या गावच्यानं उचलायचं. माझ्या आज्यानं केली ती. आपलाच हाय तो, बराबर आपलाच!"

"अस्सं पाहिजे!" काकूंनी टाळी वाजवली. "उचल म्हणावं आता तुझं तू!" आईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मलाही इतका आनंद झाला की मी तेवढा उतारा पुन्हा वाचला.

"नाव काय त्याचं?" वडिलांनी विचारलं.

मी ओळीवरून बोट फिरवलं. साहेबानं स्वतःच्या घोड्याचं नाव लिहिलं होतं, कुत्र्याचंही लिहिलं होतं. असा संताप आला मला त्याचा!

"न्हाई लिहिलं, बाबा."

"पुढच्या पानावर असंल. बघ ना, माय."

मी पान उलटलं. पुढं परत ऊन आणि डास.

वडिलांनी चष्मा काढला.

"दिवसभर संगं चालला त्याच्या," ते म्हणाले. "एकदा विचारलं बी न्हाई?"