अण्णांच्या अक्षरांना लावलेलं कुलूप

औरंगपुऱ्यातल्या माझ्या डिझाइनच्या दुकानात भिंतीवर एक सूचना आहे: 'फाईल देताना फॉन्ट एम्बेड करून द्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.' ती मीच लिहिली, मीच छापली आणि बहुधा मी एकट्यानेच वाचली. चुकून एखादं गिऱ्हाईक तिच्याकडं बघून 'एम्बेड म्हणजे काय हो?' असं विचारतं आणि फसतं. मग मी त्याला खुर्ची देतो. सांगतो, माणूस पाहुण्याकडं मुक्कामाला जाताना आपले कपडे पिशवीत घालून नेतो ना, तसे पीडीएफ फाईलने आपले फॉन्ट सोबत न्यायचे असतात. नाही नेले, तर प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरवर जे असेल ते अंगात घालावं लागतं, म्हणजे यजमानाचा लेंगा. गिऱ्हाईक हसतं, मला विद्वान समजतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तसलीच फाईल आणतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. ती कुणासाठी केली होती ते बहिणीच्या लग्नात कळलं.

माझे वडील पेंटर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी या शहरात आणि आसपास दुकानांचे बोर्ड, शाळांच्या भिंती, ट्रकची मागची फळी, जे समोर येईल ते ब्रशने लिहिलं. मग फ्लेक्स आलं. सबंध शहरात फ्लेक्सचा सगळ्यात जास्त राग असलेल्या माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि मोठा होऊन फ्लेक्सचीच डिझाइनं करू लागलो. अण्णा फ्लेक्सला 'रबर' म्हणतात. स्कूटरवर माझ्या मागं बसले की चौकातल्या फ्लेक्सकडं न बघता माझ्या मानेकडं बघतात. पुढं त्यांचा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, वयामुळं. अण्णा म्हणाले, रबरामुळं.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की पत्रिका अण्णांच्या अक्षरात छापायची. त्यांना सांगितलं, तर त्यांनी हातातला कप पुढं केला.

"बघ. निम्मा चहा बशीत चाललाय, अन् म्हणं पत्रिका लिहा."

"तुम्ही लिहू नका. तुम्ही लिहिलेलं आहेच की गावभर. आपण फोटो काढून आणू, मी त्याचा फॉन्ट करतो."

"गावभर?" अण्णा म्हणाले. "कोणत्या गावात राहतोस तू?"

ते खरं होतं. जे बोर्ड फ्लेक्सच्या तडाख्यातून वाचले होते, ते शहराचं नाव बदलल्यावर उतरले. पत्त्यात जुनं नाव असलेला बोर्ड कोण ठेवतो? त्या दिवसांत आम्हा डिझाइनवाल्यांची दिवाळी झाली, आणि मीही ती साजरी केली. अण्णांचे किती बोर्ड माझ्याच दुकानातल्या कामांनी खाली उतरवले, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती असं म्हटलं तरी चालेल.

तर महिनाभर आम्ही दोघं स्कूटरवरून अक्षरं गोळा करत फिरलो. 'स' एका सायकलच्या दुकानाचा. 'त' तेलाच्या घाण्याचा. 'ज्ञ' अर्थातच शाळेच्या भिंतीवरचा. दुसरीकडं ज्ञ लागतो कुणाला? 'ग' तर थेट फर्दापूरला जाऊन आणला, तिथल्या एका लॉजिंगच्या बोर्डावरून. मालकाला वाटलं आम्ही खोली बघायला आलोय. फक्त 'ग' हवाय म्हटल्यावर त्याने पाण्याचा तांब्या परत आत नेला. 'ढ' कुठंच मिळेना. शेवटी अण्णांनी घरी बसून वीस ढ लिहिले आणि त्यातला एक जमला. "एवढे ढ तर आमच्या वर्गात बी नव्हते," असं म्हणून त्यांनी ब्रश धुतला.

करमाडच्या रस्त्यावर एका गोदामाची भिंत होती. तिच्यावर अण्णांनी बियाण्यांची जाहिरात लिहिली होती, माणसाच्या उंचीची अक्षरं. आम्ही पोचलो तर भिंत पांढरीफेक. अण्णा उतरले, भिंतीजवळ गेले, बोट लावून बघितलं.

"चुना बी नीट मारला नाय," एवढंच म्हणाले.

परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्याची थरथर मला शर्टातून कळत होती. मला भीती वाटली. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत, जिवंतपणी, या शहरातून पुसला जाणार होता. त्या दिवसापासून ती पत्रिका माझ्यासाठी नुसती लग्नाची राहिली नाही. अण्णांची अक्षरं निदान एका छापील कागदावर त्यांना बघायला मिळायलाच हवी होती.

फॉन्ट तयार झाला. कीबोर्डवर क, ख, ग च्या कळा मी शहरातले सगळे डीटीपीवाले वापरतात त्याच ठेवल्या, हाताला सवय होती म्हणून. शेवटी फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरने विचारलं, की हा फॉन्ट दुसऱ्या फाईलमध्ये एम्बेड करायला परवानगी द्यायची का? आता, माझ्या कॉम्प्युटरवर हजारो फॉन्ट आहेत. त्यातला एकही मी विकत घेतलेला नाही. सगळे पेनड्राइव्हवरून आले आणि पेनड्राइव्हवरूनच पुढं गेले. अशा माणसाच्या अंगात त्या क्षणी कलावंताचे हक्क संचारले. माझ्या बापाची अक्षरं कुणी फुकट्याने उचलू नयेत, म्हणून मी 'परवानगी नाही' वर टिचकी मारली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यानंतर मी पत्रिका केली आणि पीडीएफ काढली. एक चौकट आली, तिच्यात काहीतरी लिहिलं होतं. मी नेहमीप्रमाणं न वाचता ओके दाबलं. खरं तर अक्षरांचे कर्व्ह करून टाकले असते तर प्रश्नच आला नसता. शहरातलं शेंबडं पोरही तेच करतं. पण कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, आणि अण्णांची अक्षरं प्रेसमध्ये अक्षरं म्हणूनच जावीत असा माझा बाणा. माझ्या कॉम्प्युटरवर फाईल देखणी दिसत होती. दिसणारच, फॉन्ट तिथंच होता. मोबाईलवर फोटो पाठवला, घरच्या सगळ्यांनी आपापलं नाव तेवढं शोधलं, आणि फाईल प्रेसला गेली.

पत्रिकांचे गठ्ठे आले तेव्हा घरात पाहुणे होते. आमच्याकडं पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात. आईने ती ठेवली आणि दुसरी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा पुसला, पत्रिका लांब धरली, जवळ धरली.

"छान छापलंय," ते म्हणाले. "कुणाची अक्षरं हायेत ही?"

मी पत्रिका ओढून घेतली. प्रत्येक शब्द बरोबर होता, वेळ, वार, कार्यालय सगळं बरोबर, आणि सगळं त्या फॉन्टमध्ये, ज्यात आमच्या शहरात वाढदिवस, श्रद्धांजली आणि क्लासची जाहिरात छापतात. यजमानाचा लेंगा.

मी स्कूटर काढून प्रेसला गेलो. तिथल्या चाचांनी तीस वर्षं अक्षरजुळणी केलेली, माणूस सज्जन. माझी फाईल त्यांनी नेहमीसारखी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती. 'परवानगी नाही'चं कुलूप मीच लावल्यामुळं माझा फॉन्ट सोबत गेलाच नव्हता, तेव्हा त्यांना अगम्य चिन्हं दिसली.

"अरे भाई, तुम्हारी फाईल में तो कीडे-मकोडे आ रे थे," चाचा म्हणाले. "मैं बोला, शादी का घर है, काइकू तकलीफ देना. मैंच सब सिलेक्ट करके अपना फॉन्ट लगा दिया. देखो, एक मात्रा इधर की उधर नै हुई!"

दोन्ही फॉन्टमध्ये कळा त्याच असल्यामुळं खरोखर एक मात्रा इकडची तिकडं झाली नव्हती. त्यांच्यावर ओरडायला गेलेला मी, त्यांचे आभार मानून परतलो. लग्न आठ दिवसांवर होतं, मी परतेपर्यंत निम्म्या पत्रिका आईने पाहुण्यांत वाटून टाकल्या होत्या. पुन्हा छापणं शक्य नव्हतं.

अण्णांना मी सगळं सांगितलं, कुलूप लावल्याचंसुद्धा.

"कुलूप कशापायी?"

"कुणी तुमची अक्षरं चोरू नयेत म्हणून."

"अरे येड्या, मी भिंतीवर लिहायचो. भिंतीला कुलूप असतंय व्हय? माझा 'क' माझ्या उस्तादाचा हाय, त्यांचा कुणाचा व्हता कुणाला ठाव." मग म्हणाले, "चोरायला तरी कुणी आलं असतं तर बरं झालं असतं की रं."

हे ते चिडून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. मला रडू आलं. अण्णांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, ही त्यांची सभ्यता.

दुसऱ्या दिवशी मी फॉन्ट उघडला, 'परवानगी आहे' वर टिचकी मारली आणि पेनड्राइव्ह चाचांच्या टेबलावर ठेवला. कुणालाही द्या म्हटलं. चाचांना सगळं कळल्यावर ते हळहळले आणि म्हणाले, "दरवाजे का बोर्ड मेरी तरफ से."

लग्नाच्या सकाळी जालना रोडवरच्या मंगल कार्यालयाच्या दारात स्वागताचं फ्लेक्स लागलं होतं. बारा फूट रबर. अण्णा रिक्षातून उतरले आणि सवयीने मान खाली घालून आत निघाले. मग थांबले.

"ह्यो 'स' सायकलवाल्याचा," ते म्हणाले. "अन् 'ग' फर्दापूरचा. 'त' घाण्यावरचा." प्रत्येक अक्षराजवळ जाऊन त्यांनी त्याचं गाव सांगितलं. मागं वऱ्हाडी खोळंबले होते. "दोन ओळींत अंतर लई सोडलंय. कुणी केलं?"

"मी."

"वाटलंच." मग त्यांनी हात पुढं केला. "जाड पेन हाय का?"

आहेराच्या पाकिटांवर नावं घालायला आणलेला मार्कर मी दिला. अण्णा खाली वाकले आणि उजव्या कोपऱ्यात, पेंटर लोक जिथं सही करतात तिथं, आपलं नाव लिहू लागले. वरची अक्षरं ताठ होती, खालचं नाव हलत होतं. एक वेलांटी तर पार फ्लेक्सच्या काठापर्यंत गेली. नावापुढं 'पेंटर' लिहून होईपर्यंत कुणी त्यांना घाई केली नाही.

त्यांनी मार्करचं टोपण लावलं, ते दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

"घे," म्हणाले. "आता लाव तुझं कुलूप."