चार कडा, एक टोक

जनार्दनभाऊ मेस्त्री यांची आणि माझी पहिली भेट शारजातल्या एका बागेच्या साइटवर झाली. नव्वदचे दशक निम्मे सरले होते. मी मुंबईहून नुकताच आलेला साइट इंजिनिअर. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी आणि डोक्यात डिग्रीची हवा. भाऊ फोरमन, राजापूरकडून येऊन गल्फमध्ये मुरलेले गवंडी. मी नमस्काराला हात जोडले, तर त्यांनी माझ्या हातात टेपचे टोक दिले आणि म्हणाले, "साहेब, धरा. ज्याने रचलं, त्याने मोजायचं नाही."

त्या बागेत आम्हाला पिरॅमिड बांधायचा होता. तीन मजली उंच, बाहेरून दगडाचा, आत मुलांना दाखवायला इजिप्तच्या राजाचे दफनघर. भाऊंनी मधोमध एक उंच पाइप उभा केला होता. त्याच्या टोकाशीच चारही कडा मिळायच्या होत्या. चार बाजूंना चार टोळ्या: आमचे कोकणी, मल्याळी, पेशावरचे पठाण आणि खुद्द इजिप्तचे मिसरी. प्रत्येक थर झाला की भाऊ शिट्टी मारत, सगळे थांबत, आणि एका टोळीची बाजू दुसरी टोळी मोजत असे. यात वेळ जातो असे मला वाटे. बोलण्याची छाती मात्र नव्हती.

धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी भाऊ रजेवर गेले आणि माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. मी शिट्टी बंद केली, टोळ्यांची शर्यत लावली आणि ज्याची बाजू त्यानेच मोजावी असे सांगितले. सात थर झरझर चढले. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

भाऊ परतले ते थेट साइटवर. त्यांनी पाइपच्या टोकाला चार दोऱ्या बांधल्या आणि पायाच्या चार कोपऱ्यांपर्यंत ताणून धरायला लावल्या. तीन दोऱ्या कडांवर नीट टेकल्या. चौथीखाली माझी मूठ आरपार जात होती. असेच वर गेलो असतो, तर चार कडा एका टोकाला कधीच मिळाल्या नसत्या. उद्घाटन महिन्यावर आले होते, मला नोकरीत चारच महिने झाले होते. पायाखालची वाळू सरकणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. आता व्हिसा कॅन्सल आणि मुंबईचे विमान, हे मी मनात धरून चाललो.

दुपारी कन्सल्टंट आले. हे इंजिनिअर फारूक कैरोचे, कडक शिस्तीचे. या कडेची लाइन कुणी आखून दिली, असे त्यांनी हिंदीत विचारले. मी तोंड उघडण्याआधी भाऊ पुढे झाले.

"लाइन मेरा था, साब. सात लेयर निकालेगा, फिर से बांधेगा. इन्शाल्ला टाइम पे देगा."

रजेवरच्या माणसाने लाइन कशी दिली, हे न कळण्याइतके फारूक भोळे नव्हते. ते माझ्याकडे बघून किंचित हसले. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या देशात एका राजाचा पिरॅमिड अर्ध्यावरून वाकलेला आहे. बांधणाऱ्यांनी मध्येच उतार बदलला, आणि हजारो वर्षे जग तो वाकच बघत आले आहे. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतले. "हमारा सीधा जाएगा," एवढेच ते म्हणाले.

आणि तो सरळ गेला. सात थर उतरवताना मीही दगड वाहिले. तळहात सोलून निघाले. शिट्टी पुन्हा सुरू झाली. उद्घाटनाच्या तीन दिवस आधी क्रेनने टोकाचा दगड खाली सोडला आणि तो चारही कडांवर असा बसला की पाचर लावावी लागली नाही. चारही टोळ्या नाचल्या, पठाणांनी भाऊंना खांद्यावर घेतले आणि कडक फारूकसाहेबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. असा आनंद मी पुन्हा कोणत्याही साइटवर अनुभवलेला नाही.

टोक बसवण्यापूर्वी फारूकनी एक गोष्ट सांगितली होती. जुन्या टोळ्या आपली नावे आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या दगडांवर लिहीत. ते ऐकून भाऊंनी टोकाच्या दगडाच्या पोटाशी लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिले. मी शरमेने जवळ गेलो नाही.

गेल्या वर्षी दिवे बदलण्यासाठी तो दगड उतरवला, तेव्हा मी मुद्दाम गेलो. भाऊंच्या ठसठशीत अक्षरात सगळ्यांची नावे होती. सर्वांत वर माझे. दोनदा वाचले, तरी भाऊंचे नाव सापडेना. मी पेन्सिल मागून घेतली, ते लिहिले आणि मगच दगड चढवू दिला.

आज भाऊ साठ वर्षांचे झाले. दुबई मरीनाच्या नव्या टॉवरवर अजून त्यांचीच शिट्टी वाजते. त्यांना निरोगी, भरभरून शंभरी लाभो. हा लेख मात्र त्यांना रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण भाऊ, ज्याने रचले त्याने मोजायचे नाही, हा नियम आपलाच. आपण रचत राहा. टेप आम्ही धरली आहे.