‘वर दे’ ही हाक

लिहू की नको, यातच दोन महिने गेले. भूत, आसरा, करणी... यातलं मी काहीच मानत नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गावात असल्या गोष्टी निघाल्या की वाद घालायचं काम माझ्याकडेच असतं. पण हे माझ्याच बाबतीत झालं. जसं झालं तसं सांगतो. कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात. धरण जवळ, पण पाटाचं पाणी आमच्या बाजूला येत नाही, आणि हे झालं त्या वर्षी तर धरण आटून तळालाच भेगा पडल्या होत्या. आई आणि अण्णा (म्हणजे माझे वडील) दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे ऊसतोडीला गेले, कोल्हापूरकडच्या एका सहकारी कारखान्यावर. सुट्टीत मीही फडात जायचो. गाडी भरताना अण्णा वर उभे राहून ऊस रचायचे, मी डोक्यावर मोळी घेऊन शिडी चढायचो. ते वरून ओरडायचे, "वर दे!" आपण खालून म्हणायचं, "घे वर!" इतक्या वर्षांत असं झालंय की हाक आली की उत्तर आपोआप तोंडातून निघतं.

अजून एक. माझा जन्म फडावरच्या कोपीत झाला — कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. म्हणून अण्णा मला ‘कोप्या’ म्हणतात. फक्त तेच म्हणतात. कॉलेजात हे नाव कुणाला माहीत नाही. खरं सांगतो, मला लाज वाटायची.

त्या हिवाळ्यात माझे पाय जड व्हायला लागले. चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंच नाही. चार पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं. डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला. तिथली एक चकती दबलेली दिसली. म्हणाले, "बहुतेक कमरेचं ऑपरेशन करावं लागेल. पण एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. कुठे आणि किती उघडायचं ते एमआरआय बघूनच ठरवू. उशीर करू नका, पाय जातील."

पाय गेले तर कॉलेज गेलं, आणि फडसुद्धा गेला. घरी बसून आई-अण्णांनी मला किती वर्षं उचलायचं? मी त्यांना फोनवर नुसतं "कंबर दुखते" एवढंच सांगितलं होतं.

एमआरआयसाठी मामांनी मला बीडला आणलं. मामा पाण्याचा टँकर चालवतात; त्यातूनच आलो. 

"कावून भ्यायलास बे? आत काय खातंय व्हय तुला?"

"नळीसारखं असतं मामा. हलायचं नसतं."

"मग आधी आमच्या टाकीत घालून बघू का? सराव होईल."

मला हसू आलं नाही.

टेक्निशियन सरांनी करदोटासुद्धा काढायला लावला. कानावर हेडफोन, हातात रबरी फुगा. "जास्तच त्रास झाला तर दाब. आणि अजिबात हलू नकोस. हललास की पुन्हा पहिल्यापासून." मामा बाहेर टँकर हलवायला गेले. दार बंद झालं.

आत गेल्यावर नाकापासून वीतभरावर छत. कोपर हलवलं तर भिंत. मग धडधड सुरू झाली. जसं कुणी पत्र्यावर घाव घालतंय, थांबतंय, पुन्हा घालतंय. डोळे मिटले तर अजूनच आवळल्यासारखं व्हायचं. वाटलं, मोळ्यांचा ढीग अंगावर पडलाय आणि वर कुणालाच माहीत नाही. पाय बाहेरच्या बाजूला होते, पण ते आपले आहेत असंच वाटत नव्हतं. फुगा दाबायला बोटं आवळली... दाबला तर पुन्हा पहिल्यापासून. नाही दाबला.

एवढ्यात आवाज थांबला. दोन स्कॅनच्या मधे थांबतो तसा. आणि त्या शांततेत, अगदी डोक्याच्या वरून —

"कोप्या, वर दे!"

अण्णांचा आवाज. थोडा घोगरा, पाचटाची धूळ खाल्लेला.

मी विचार केला नाही. ओरडलो, "घे वर!"

मग परत धडधड.

बाहेर काढल्यावर सर जरा घुश्श्यातच होते. "मला अरे-तुरे करतोस होय रे? घे वर म्हणे! म्हटलं याला वरच्या बाजूला दुखत असेल, म्हणून पाठीचेही फोटो घेतले." मग विचारलं, "आणि कोप्या कोण?"

"हे नाव तुम्ही कुठे ऐकलं?" मी विचारलं.

"तुझ्या आधी माइकमधून एक जाड आवाज आला. मला वाटलं, तुझे मामा आत शिरले की काय. वाकून पाहिलं, तर तू एकटाच."

कमरेत काही विशेष नव्हतंच. वर, छातीच्या मागे, दोन मणक्यांमध्ये पू साठून मज्जारज्जूवर दाब आला होता. सुईने नमुना घेतला — मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "नुसता कमरेचा एमआरआय लिहिला होता मी. त्यावर कंबर उघडली असती तर हे वर तसंच राहिलं असतं," एवढंच म्हणाले. ऑपरेशन टळलं. गोळ्या, पट्टा, आराम. आता मी चालतो. चप्पल पायात राहते.

बीडहून निघण्याआधीच अण्णांना फोन लावला होता. "आज दुपारी गाडी भरताना मला हाक मारली का हो?"

"आज कुटं? गाडीच आली न्हाई. कोपीत पडलो हुतो, डोळा लागलता जरा."

मागून आईचा आवाज आला, "झोपंत वर दे, वर दे करीत हुते. म्या हलवून उठवलं."

"कावून वर दे म्हणलात अण्णा?"

"अरे, फडात मी दुसरं म्हणतोच काय?" आणि ते हसले.

माझ्या हेडफोनमध्ये आणि सरांच्या स्पीकरवर बाहेरचं काही ऐकू आलं असेल, असंही मी धरून पाहिलं. कदाचित ‘कोप्या’ मीच बरळलो असेन. पण सर म्हणतात, आवाज दोन होते.

डॉक्टरांनी मला वजन उचलायला कायमचं बंद केलंय. म्हणजे अण्णा आता मला कधीच ‘वर दे’ म्हणणार नाहीत. ती शेवटची हाक होती — आणि ती आपण मारलीच नाही, असं अण्णा म्हणतात.