टेकडीचा फेरा आणि खांबेटेकाका

जनार्दन खांबेटे हा माणूस मी बसलेला असा फारसा पाहिलेलाच नाही. ओकव्हिलच्या त्यांच्या घरी जेवायला बोलावतात, आपण पानावर बसतो, आणि काका उभ्यानेच एका हातात वाटी घेऊन खिडकीतून ड्राइव्हवे बघत असतात. वय अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याहत्तर साली कॅनडात आले आणि तीस वर्षं हायवेचे रॅम्प आखले. रस्ता पुढे कुठे वळतोय ही काळजी बहुधा तेव्हापासूनच त्यांच्या डोक्यात बसली असावी. मुलगा अनुप दर रविवारी एकदा तरी वैतागतो, "डॅड, जस्ट सिट डाउन फॉर फाइव्ह मिनिट्स!" काका त्यावर "हो, हो, आलोच," म्हणतात आणि बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस बघायला जातात.

आमचा शनिवारचा चालण्याचा ग्रुप त्यांनीच काढला. सगळे सत्तरीच्या पुढचे. मी अठ्ठेचाळिसाची, त्यामुळे तिथे माझी ओळख अजून 'ती किचनर गावची मुलगी' अशी आहे. पाण्याच्या बाटल्या उचलणं आणि फोनवर नकाशा उघडणं ही माझी कामं. चालताना काका कायम एक वळण पुढे. "मी जरा पुढचं बघून येतो," असं म्हणून जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. आम्ही चार किलोमीटर चाललो तर ते सात चालायचे. सगळ्यात मागे वीणाकाकू, सावकाश, झाडांची सालं निरखत. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण मी त्या दोघांना शेजारी शेजारी चालताना कधी पाहिलं नव्हतं. काकूंना मी एकदा चिडवलं, तर हसून म्हणाल्या, "अगं, मागून ओळखू येतात ना, तेवढं पुरे."

फेब्रुवारीत काकूंच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा आजार. डावा डोळा मधोमध गेलेलाच होता, तो कधी गेला हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. उजवाही त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, "वेग सांगता येणार नाही. वर्ष, दोन वर्षं, कदाचित कमी. बघायचं असेल ते बघून घ्या."

एवढं वाक्य काकांना पुरलं. त्यांनी बघण्याच्या गोष्टींची यादी केली आणि बायकोला घेऊन धावत सुटले. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनची चेरीची झाडं. जुलैमध्ये डोंगरातलं बॅन्फ, तेही लाँग वीकेंडला. तीन दिवसांत चार तळी. काकू गाडीतून उतरायच्या, काका बोट दाखवायचे, "दिसलं ना? नीट दिसलं ना? चल मग." मला खरं सांगायचं तर त्यांचा राग यायचा. बाईच्या डोळ्यांपुढे जग असं पत्त्यांसारखं भराभर पिसायचं, याला काय दाखवणं म्हणतात? पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की बोलवायचं नाही. माणूस घाबरला होता, आणि घाबरल्यावर काय करायचं हे त्याला फक्त चालण्यातूनच ठाऊक होतं.

काकूंनी स्वतःहून मागितलं ते एकच. त्या बावीस वर्षं ओकव्हिलच्या लायब्ररीत कामाला होत्या. तिथे पायी फिरण्याच्या वाटांचं एक पुस्तक होतं, त्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरची एक टेकडी होती. छोटी गोल वाट, दोन-अडीच तासांची, आणि वाटेवरून खाली पसरलेला भूमध्य समुद्र. "तिथे एकदा जाऊया," त्या म्हणाल्या. काकांनी त्याच संध्याकाळी ग्रुपला फोन लावले. सप्टेंबरात आम्ही नऊ जण गेलो.

गाव चिमुकलं, स्टेशनातून बाहेर पडलं की टेकडी समोरच. वर एक जुनं दगडी चॅपल. पायथ्याशी वाट फुटत होती आणि पाटीवरचा बाण उजवीकडे दाखवत होता. काका निघालेच होते, तेवढ्यात ग्रुपमधल्या स्कारबरोच्या अरुणाताईंनी काठी आडवी घातली.

"जनार्दन, वर देऊळ आहे ना? मग डावीकडून जायचं. देवळाला आपला उजवा हात. उलटी प्रदक्षिणा मी या वयात घालणार नाही."

"अहो, ते चर्च आहे!" मी म्हटलं.

"असू दे. देव तोच."

बाकीच्या पाच माना हलल्या. काकांचा देवाशी काही व्यवहार नाही, पण त्यांना थांबून वाद घालणं नको होतं. "लूप आहे. कुठूनही गेलं तरी डिस्टन्स सेम. चला!" असं म्हणून ते डावीकडे सुटलेसुद्धा. काकूंनी पाटीकडे तोंड केलं आणि माझा दंड धरून चालायला लागल्या. हे दंड धरणं नवीन होतं. मला वाटलं, दगड फार आहेत म्हणून.

पाऊण तास झाला. पाइनची झाडं, वाळलेल्या पिवळ्या सुयांची चटई, रोजमेरीचा उग्र वास. सगळं होतं, फक्त समुद्र नव्हता. समोरून एकेक, दोघं दोघं गोरे लोक उतरत येत होते. प्रत्येक जण हसून काहीतरी म्हणायचा आणि आमच्या मागे बोट दाखवायचा. "काय प्रेमळ लोक आहेत," अरुणाताई म्हणाल्या आणि प्रत्येकाला "बाँजूर" करत राहिल्या. मला शंका आली म्हणून मी फोनवर वाटेची माहिती उघडली. स्वच्छ लिहिलं होतं: उजवीकडून सुरुवात करा, सकाळी समुद्राची बाजू चढून घ्या, परतताना जंगलाची सावली मिळेल. उलट गेल्यास समुद्र शेवटी येतो आणि कड्याची बाजू उतरावी लागते.

मी काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. तीस वर्षं रस्ते आखलेला माणूस, आणि बाणाच्या उलट दिशेने बायकोला घेऊन आला होता. तोंड एवढंसं झालं.

"किती वेळ अजून?"

"तासभर तरी."

"तोवर ऊन वर येईल. चकाकी येईल पाण्यावर. तिला चकाकीत काही दिसत नाही!" आणि ते पळाले. खरोखर पळाले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या दगडांतून. दर पाच मिनिटांनी परत यायचे, घामाघूम, "त्या वळणापलीकडे असणार बहुतेक," म्हणायचे आणि पुन्हा जायचे. मी ओरडले, "काका, पडाल!" कोण ऐकतंय. काकू मात्र शांतपणे पाऊल चाचपत येत होत्या.

बाराच्या सुमाराला झाडं संपली आणि समुद्र एकदम पायाखाली आला. खाली लाल कौलं, रेल्वेचा बोगदा, आणि मग निळं, नुसतं निळं, पार आभाळापर्यंत. सगळे ओरडले. अरुणाताईंनी हात जोडले. काका धावत मागे आले, काकूंचा हात माझ्याकडून काढून घेतला आणि त्यांना कठड्याशी नेऊन उभं केलं.

"दिसला?"

"दिसला."

"ते शीड बघ. पांढरं."

"हो, छान आहे."

"नीट दिसलं ना?"

"हो हो."

काकांनी मोठा श्वास सोडला. "मी जरा उतार बघून येतो, कडा अवघड दिसतोय," म्हणाले आणि गेले. पंधरा पावलांवर, भगव्या टोपीत, खाली वाकून दगड पायाने हलवून बघत होते. तिथून हात उंच करून हाक मारली, "वीणा, इकडे! इकडून सोपं आहे!"

काकूंनी मान वळवली. डावीकडे, मग उजवीकडे. मग अगदी हळू मला विचारलं, "कुठे आहेत ते?"

मला वाटलं गंमत करताहेत. समोर तर होते. तेवढी भगवी टोपी त्या डोंगरावर दुसरी नव्हती. मी काही बोलायच्या आत काका परत आले होते, आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

"तुला मी दिसलो नाही?"

काकूंनी आवाजाकडे तोंड वळवलं.

"वीणा. उजव्या डोळ्याने?"

"मधलं गेलंय हो. कडेकडेचं दिसतं."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून असेल."

"मग बॅन्फ?"

"तुम्ही एवढ्या हौसेने दाखवत होतात. मी हो म्हणत गेले."

काकांच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. "आणि हा समुद्र? आता दिसला म्हणालीस तो?"

"निळं काहीतरी आहे, एवढं कळतंय. वारा छान आहे." मग त्या म्हणाल्या, "बाण उजवीकडे आहे हे मला माहीत होतं. पुस्तकातलं ते पान मला पाठ आहे. पण मला काय, कुठूनही गेलं असतं तरी चाललं असतं."

"मग आलीस कशाला इतक्या लांब?" काका जवळजवळ ओरडले. बाकीची मंडळी सँडविच सोडायची थांबली.

काकूंनी हात पुढे करून त्यांची बाही शोधली. "पुस्तकात लिहिलं होतं, वर बसायला सपाट दगड आहेत, लोक तासन् तास बसतात. म्हटलं, इथे तरी बसाल. आता मला काही बघायचं झालं तर त्याच्या जरा बाजूला बघावं लागतं, आणि हळूहळू ते जागेवर येतं. वेळ लागतो त्याला. तुम्ही हललात की हरवता. आठ महिने तुम्ही सारखे हलताय."

काका एक दगड बघून खाली बसले. काकू समोरच्या दगडावर बसल्या, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांच्या कानाच्या बाजूला कुठेतरी टक लावून बघायला लागल्या. काकांच्या तोंडून सवयीने "दिस..." एवढं निघालं आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. त्यांचा पाय उठू पाहत होता. तो हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी मांडी घट्ट दाबून धरली होती.

अरुणाताई उठून काहीतरी विचारायला निघाल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. आमचं खाणं झालं, बाटल्या रिकाम्या झाल्या, सावली दगडावरून सरकली. समुद्राकडे काकांची पाठ होती आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.