रंध्याचं लाकूड

आमचे हे गेले, आणि त्यांचे रंधे न्यायला धाकटे भाऊजी धारहून आले. मीच बोलावलं होतं. देवासच्या ह्या फ्लॅटमध्ये ते कुणाच्या कामाचे? मुलगा फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक." मी म्हटलं, बरं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

तिन्ही रंधे मूळचे सासऱ्यांचे. ह्यांनी कारखान्याची नोकरी सांभाळून रविवारी चालवले. भाऊजींनी गॅलरीत पेपर पसरला, पाचर ढिली करून पाती काढली आणि नुसते ठोकळे मांडले.

"सांगा वहिनी, कशाचे?"

"शिसवी."

"वा! काळं दिसलं की शिसवी. मग तुमची कढईसुद्धा शिसवीच!"

ह्यांच्यामागे पहिल्यांदाच कुणी माझी थट्टा केली. हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही.

भाऊजी चाकूनं एकेक ठोकळा जरासा खरवडत गेले. मोठ्याचा भुगा नाकाशी धरला. तेलकट, चामड्यासारखा वास. सागवान. दुसऱ्यात गडद रेघा निघाल्या, तो मात्र खरंच शिसवी. तिसरा छोटा, पण उचलताना हात खाली गेला. खरवडल्या जागी त्यांनी ओलं बोट फिरवलं, खिशातल्या डबीतला चुना लावला. जागा लाल झाली, पान खाल्लेल्या जिभेसारखी.

"कात! ज्याचा कात काढतात ना, तेच झाड. खैर."

मी भिंतीला टेकले. दवाखान्यात मी ह्यांना विचारलं होतं, "रंधे भाऊजींना देऊ ना? की एखादा ठेवू?" सिस्टर सलाइन बदलत होती. हे म्हणाले, "खैर..." आणि डोळे मिटले. पुढे बोललेच नाहीत. आता आमच्या घरात दोन वाक्यं मराठी की तिसरं हिंदी. मला वाटलं, हिंदीतलं खैर. म्हणजे असो, सोड आता. मुलालाही तेच सांगितलं, बाबा म्हणाले जाऊ दे.

भाऊजींना हे सांगितलं. ते चुन्याचं बोट पेपरला पुसत राहिले.

"दादा तसंही म्हणाला असेल, वहिनी. जाऊ दे, असंच." मग हळूच म्हणाले, "मी ह्याच्यासाठीच आलो होतो. हा बाबांनी स्वतः केलेला."

"असेल."

आत जाऊन कुकर लावला. दुःख व्हायला हवं होतं, नाहीतर बरं तरी वाटायला हवं होतं. काहीच वर येईना. बाहेर येऊन म्हटलं, "भाऊजी, त्यांचं खैर कुठलंही असो, हा राहू द्या."

"काय कराल ह्याचं?"

"काही नाही."

त्यांनी पातं आत ओढून बसवलं, बोट कापू नये म्हणून. पाचर ठोकली आणि रंधा माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. शेवटी भाऊजीच उठले आणि गॅस बंद करून आले.