सातही दिवसांची हजेरी

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, ऐन मे महिन्यात, भंडाऱ्याच्या आमच्या संशोधन केंद्रात फळ्यावर सूचना लागली. संशोधक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक विकास कार्यशाळा. सात दिवस. सातही दिवसांची हजेरी सक्तीची. प्रमाणपत्र नसेल तर प्रबंध स्वीकारला जाणार नाही. मी ती सूचना दोनदा वाचली आणि माझं डोकंच फिरलं, कारण तोच आठवडा माझ्या तलावाचा होता.

मी प्राणिशास्त्राची. पवनीजवळच्या एका गावच्या जुन्या तलावात कोणते मासे राहतात आणि वर्षागणिक त्यांत काय बदलतं, हा माझा विषय. एरवी मी महिन्यातून एकदा जाऊन थोडेफार मासे मोजायची. पण अख्खा तलाव वर्षातून एकदाच कळायचा. उन्हाळ्यात पाणी कमरेखाली उतरलं की ढिवरांची, म्हणजे तिथल्या मासेमारांची, सोसायटी शेवटचं मोठं जाळं ओढायची, तेव्हा. दोन उन्हाळे माझ्या वहीत होते, तिसरा हवा होता. तो हुकला तर सरळ वर्षभर थांबा.

मी माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. भला माणूस, पण कुणाच्या वाट्याला न जाणारा. म्हणाले, "अर्ज कर." मी अर्ज केला. कार्यशाळेच्या समन्वयकांनी तो वाचला आणि म्हणाले, "सुटीचा अधिकार प्राचार्यांचा." प्राचार्य म्हणाले, "कार्यशाळा त्यांची, ते सांगतील." मी परत समन्वयकांकडे. त्यांनी अर्जावर तारीख टाकून तो फाइलला लावला आणि मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तलाव काही पळून जात नाही."

पाणीच पळून जातं हो सर, असं मी म्हणाले. ते माझ्याकडे बघून छान हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

कार्यशाळेला आम्ही बावीस जण होतो. माझ्या शेजारी बसायचा तो नाकाडोंगरीचा, रसायनशास्त्राचा, माझा एम.एस्सी.पासूनचा मित्र. त्याचे वडील खाणीत कामाला होते आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. त्याचा प्रबंध टाइप होऊन तयार होता, या प्रमाणपत्रापुरताच अडला होता. तुमसरच्या एका कॉलेजात त्याच्या विषयाची जागा निघणार होती, म्हणून तो घाईत होता. घरून निघून तुमसरला गाडी बदलून तो सकाळी दहाला वर्गात हजर असायचा. मी पवनीच्या माझ्या घरून पोचायच्या आधी.

नागपूरहून प्रशिक्षक आले. मे महिन्यात, भंडाऱ्यात, गळ्यात टाय. पहिला दिवस हस्तांदोलन कसं करावं यात गेला. आम्ही जोड्या पाडून एकमेकांचे घामट हात हलवत होतो. दुसऱ्या दिवशी वेळेचं नियोजन. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं की महत्त्वाचं काम आधी करावं. मी खिडकीबाहेर बघत माझ्या तलावातलं पाणी बोटभर, बोटभर उतरताना मोजत होते.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी एकेकाला उभं करून विचारलं, "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?" कुणी कुलगुरू झालं, कुणी परदेशी गेलं. मित्राची पाळी आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

"सर," तो म्हणाला, "पाच वर्षांचं मायीत नाही. पण पाचची तुमसर गाडी सुटली तं मी स्वतःले स्टँडवरच पायतो."

सगळा वर्ग हसला. प्रशिक्षकांनी वहीत त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

चौथ्या दिवशी चहाच्या सुटीत माझा फोन वाजला. सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष होते. मला ते पहिल्या दिवसापासून पोरी म्हणायचे. "पोरी, उद्या जाळं टाकून राह्यलो आमी. पाणी लय उतरलं, आता थांबता येत नाही. येतं का तू?"

"येतो काका," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर कळलं, आपण काय बोलून बसलो.

मित्र शेजारीच उभा होता. "जाय तू," तो म्हणाला. "मी तुही सही मारून देतो. रजिस्टर कोण पाह्यते इथं?"

मी नको म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं झाली, अजून हेच वाटतं. पण त्या क्षणी मी इतकी वैतागले होते, त्या टायवर, त्या पडद्यावर, फाइलला लावलेल्या त्या अर्जावर, की मी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, होते. वजनकाटा, मोजपट्टी, वही. तीस-चाळीस माणसं छातीशी जाळं धरून चिखल तुडवत पुढे सरकत होती. मासे काठावर आले तसे काका एकेक जात वेगळी काढून माझ्यासमोर ठेवत गेले. मरळ तीन हातांवरून उसळली आणि परत पाण्यात गेली, त्यावर सगळे ओरडले. आधीच्या दोन उन्हाळ्यांत भरपूर मिळालेली एक बारकी जात त्या दिवशी एकही सापडली नाही. मी काकांना विचारलं, काहून असं? ते म्हणाले, "गेल्या साली बाहेरचं मासोळीचं बीज टाकलं ना तलावात. त्या मोठ्या मासोळीनं खाल्लं असंल हिला." माझ्या तीन वर्षांच्या कामाचा गाभा मला त्या एका वाक्यात मिळाला. चिखलाने माखलेल्या हाताने मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्याच दुपारी वर्गात समन्वयक आले आणि म्हणाले, मुलाखतीचा सराव घेऊ. रजिस्टर उघडून त्यांनी पहिलंच नाव पुकारलं ते माझं. नावापुढे सही होती, मी नव्हते; सही कुणी केली असं विचारल्यावर मित्र स्वतःच उभा राहिला.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तर मित्र व्हरांड्यात उभा होता. "तुह्यासंग मायंबी प्रमाणपत्र गेलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी समन्वयकांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, चूक माझी आहे. मला दहा वर्षं प्रमाणपत्र देऊ नका. त्याला द्या, त्याची जागा जाईल."

ते म्हणाले, "माफीचा अर्ज द्या दोघंही. चूक मान्य करा. मग बघू." मजकूर त्यांनीच सांगितला. कार्यशाळेचं महत्त्व न समजल्यामुळे एकाने गैरहजर राहून आणि दुसऱ्याने खोटी सही करून शिस्तभंग केला, वगैरे. मी लगेच लिहायला घेतलं. मित्राने माझ्या हातातून कागद घेतला.

"सर, खोटी सही केली हे मी लिहून देतो," तो म्हणाला. "ते चुकलंच माझं. पण ती तलावावर गेली ती चूक होती, असं मी लिहिणार नाही. ती तिच्या कामाला गेली होती."

"मग पुढच्या वर्षी या," समन्वयक म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर भयंकर चिडले. म्हटलं, दोन ओळी लिहायला तुझं काय जात होतं? तो म्हणाला, "मले नाही जमत ना," आणि स्टँडकडे चालू लागला. मी त्याच्यामागून भांडत भांडत गांधी चौकापर्यंत गेले. मग रडायला आलं, म्हणून थांबले.

तुमसरची जागा दिवाळीच्या आधी भरली. दुसऱ्याच कुणाला मिळाली. मित्र वर्षभर नाकाडोंगरीला शिकवण्या घेत राहिला. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं पुन्हा सात दिवस बसलो. प्रशिक्षक तेच, पडदा तोच, हस्तांदोलन तेच. प्रमाणपत्रं मिळाली. त्यावर उत्साही सहभागाबद्दल आमचं अभिनंदन छापलं होतं.

त्याला पुढे दोन वर्षांनी साकोलीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. त्या वर्षाबद्दल त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. मीच अधूनमधून विषय काढते आणि तो म्हणतो, "सोड ना बाई आता."

मी मात्र सोडू शकत नाही, कारण आता त्याच केंद्रात मी शिकवते आणि कार्यशाळेच्या समितीवर आहे. गेल्या बैठकीत मी लेखी सुचवलं की कार्यशाळा दोन दिवसांची करावी, पावसाळ्यात घ्यावी, आणि ज्याचं काम शेतात, तलावात किंवा खाणीत आहे त्याला त्या दिवशी जाऊ द्यावं. शिवाय हस्तांदोलनाऐवजी नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, फार मौलिक सूचना आहेत, नवे विषय घालायलाच हवेत.

चार दिवसांनी इतिवृत्त हातात आलं. माझ्या सूचनांनुसार अर्जलेखनाचं सत्र वाढवण्यात आलं होतं, आणि त्यासाठी कार्यशाळा दहा दिवसांची करण्यात आली होती. मे महिन्यातच. मी मित्राला फोन केला आणि ते वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला काही केल्या हसू येईना.